रुग्ण १३ टक्के, मृत्यू ४२ टक्के: भारतातील दम्याचे आकडे कसे वाचावेत

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आकड्यांची एक जोडी हमखास छापून येते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात होतात. हे आकडे २०१९ या वर्षासाठीच्या जागतिक अंदाजांतून आलेले आहेत. त्या वर्षी जगात सुमारे २६ कोटी लोकांना दमा होता आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याने दगावली, असा तो अंदाज होता. भारताच्या वाट्याला त्यातले सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आणि जवळपास दोन लाख मृत्यू आले.

बातमी वाचून बहुतेकांचा समज होतो की भारतात दमा भयंकर फोफावला आहे. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के आहे, हे लक्षात घेतले तर चित्र वेगळे दिसू लागते. लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडचे रुग्ण कमी आहेत, पण मृत्यू दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे दमा किती जणांना होतो यापेक्षा दमा झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हा भारतापुढचा मोठा प्रश्न आहे. तो नीट कळायला आधी आजार आणि मग आकडे, दोन्ही थोडे उलगडावे लागतील.

दमा म्हणजे नेमके काय होते

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या फांद्यांसारख्या बारीक होत जातात. दमा असलेल्या माणसात या नळ्यांच्या आतल्या अस्तराला सतत थोडी सूज असते आणि त्या अतिसंवेदनशील झालेल्या असतात. धूळ, परागकण, झुरळांचा वा बुरशीचा संपर्क, सर्दी, थंड हवा, उदबत्तीचा धूर असे काही निमित्त मिळाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. थोड्या वेळाने, औषधाने किंवा आपोआप, नळ्या पुन्हा मोकळ्या होतात. दम्याची खूण हीच की त्रास येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो, आणि त्यामुळेच आजार बरा झाला असे त्याला, घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही वाटते.

सीओपीडी हा आजार याच्या शेजारचा, पण निराळा आहे. त्यात अनेक वर्षांच्या विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने नळ्यांत कायमचा अडथळा निर्माण होतो आणि तो पूर्णपणे सुटत नाही. पुढे मृत्यूंच्या मोजणीकडे येऊ तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरेल.

दम्याची श्वासावाटे घ्यायची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. सालब्युटॅमॉलसारखे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. त्याला आपण आराम देणारे औषध म्हणू. ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोनसारखे स्टेरॉइड अस्तराची सूज कमी ठेवते. ते सूज आवरणारे औषध. पहिल्याने लगेच बरे वाटते पण सूज तशीच राहते, आणि दुसऱ्याचा परिणाम नियमित घेतल्यावर दिवसा-आठवड्यांनी कळतो. कौलारू घरात पाऊस गळू लागल्यावर थेंबांखाली पातेले ठेवणे आणि मिरगाआधी कौले चाळून घेणे यांत जो फरक आहे, तोच या दोन औषधांत आहे. पातेल्याशिवाय त्या रात्री भागत नाही हे खरे. पण दरवर्षी पातेल्यांची संख्या वाढत गेली तर छपराचे काय चालले आहे, हे सांगायला गवंडी लागत नाही.

ओझे मोजायचे कशात?

देशावरील एखाद्या आजाराचे ओझे म्हणजे केवळ रुग्णसंख्या नव्हे. एखाद्या दिवशी किती जणांना तो आजार आहे, वर्षभरात नव्याने किती जणांना झाला आणि किती जण त्याने मेले, ही तीन वेगवेगळी मोजमापे आहेत. दमा वर्षानुवर्षे सोबत राहतो, त्यामुळे नवे रुग्ण वाढले नाहीत आणि जुने रुग्ण अधिक जगले तरी रुग्णसंख्या वाढते. ही वाढ चांगली बातमीही असू शकते.

या सगळ्याची एकत्र मोजणी करण्यासाठी संशोधक 'गमावलेली निरोगी वर्षे' हे माप वापरतात. अकाली मृत्यूमुळे बुडालेली वर्षे आणि आजारपणात काढलेल्या वर्षांचा ठरावीक हिस्सा, यांची ती बेरीज असते. जागतिक अभ्यासात नियंत्रणात असलेल्या दम्याला ०.०१५ आणि अनियंत्रित दम्याला ०.१३३ असे वजन दिलेले आहे. म्हणजे आटोक्यात असलेला दमा घेऊन दहा वर्षे जगणाऱ्या माणसाचे जेमतेम दीड-पावणेदोन महिने हिशेबात बुडतात, तर दमा मोकाट असलेल्या माणसाचे तेवढ्याच काळात सव्वा वर्षाहून अधिक. रोग एकच, पण ओझ्यात जवळपास नऊ पटींचा फरक आहे, आणि तो उपचारांमुळे पडतो.

आकडा वाढला, म्हणजे रोग वाढला का?

भारतातील राज्यनिहाय रोगभाराचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९९० साली देशात दम्याचे २ कोटी २९ लाख रुग्ण होते आणि २०१६ साली ३ कोटी ७९ लाख झाले, असा अंदाज होता. वाढ ६५ टक्क्यांची आहे आणि ठळक मथळ्याला ती पुरेशी आहे.

मात्र याच काळात देशाची लोकसंख्या सुमारे ८७ कोटींवरून १३२ कोटींवर गेली, म्हणजे तीही ५० टक्क्यांहून अधिक वाढली. रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागले तर १९९० मध्ये दर हजारी सुमारे २६ आणि २०१६ मध्ये सुमारे २९ असे प्रमाण निघते. पासष्ट टक्क्यांची वाढ भागाकार होताच दहा टक्क्यांच्या आसपास येते. त्यात पुन्हा आपल्या लोकसंख्येतील वृद्धांचा वाटा वाढत चालला आहे आणि वयाबरोबर श्वसनाच्या तक्रारी वाढतात. दोन काळांची किंवा दोन देशांची तुलना करताना हा फरक काढून टाकण्यासाठी 'दोन्हीकडची वयरचना सारखीच असती तर दर किती आला असता' असा हिशेब करतात. त्याला वय-समायोजित दर म्हणतात. कोणत्याही लेखात दम्याची वाढ सांगितली असेल, तर ती नुसत्या संख्येची आहे, दराची आहे की वय-समायोजित दराची, हे आधी पाहावे. बहुतेक गोंधळ तिथेच मिटतो.

जगाचा विचार केला तर १९९० ते २०१९ या काळात दम्याचा वय-समायोजित मृत्युदर जवळपास निम्म्यावर आला. भारतातही तो घसरला. पण आपली घसरण बऱ्याच वरच्या पायरीवरून सुरू झाली आणि आजही आपण जागतिक सरासरीच्या खूप वर आहोत. राज्यनिहाय अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा मथळ्यांत फारसा येत नाही. २०१६ साली भारतात दम्याच्या प्रत्येक रुग्णामागे गमावलेली निरोगी वर्षे जागतिक सरासरीच्या २.४ पट होती.

इथे एक सापळा आहे. २०१६ साठी ३ कोटी ७९ लाख आणि २०१९ साठी ३ कोटी ४३ लाख, हे दोन अंदाज शेजारी ठेवून तीन वर्षांत ३६ लाख रुग्ण कमी झाले असे कोणी म्हटले, तर ते साफ चूक ठरेल. हे अंदाज अमेरिकेतील सिॲटलच्या संस्थेच्या नेतृत्वाखाली होणाऱ्या जागतिक रोगभार अभ्यासाच्या वेगवेगळ्या फेऱ्यांतले आहेत. प्रत्येक फेरीत नवी माहिती आणि सुधारलेली पद्धत वापरून १९९० पासूनचा सगळा हिशेब नव्याने मांडला जातो. त्यामुळे एका फेरीतली सुरुवात आणि दुसऱ्या फेरीतला शेवट जोडून आलेख काढता येत नाही.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

दमा ओळखायला रक्तातल्या साखरेसारखी एक आकड्याची चाचणी नाही. स्पायरोमेट्री म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करायची श्वासचाचणी उपयोगी पडते, पण लाखभर माणसांची ती घरोघरी जाऊन करणे शक्य नसते आणि त्रास नसलेल्या दिवशी ती सामान्यही येऊ शकते. म्हणून मोठी सर्वेक्षणे प्रश्नावलीवर चालतात, आणि प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरते. 'गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का?' या प्रश्नाला हो म्हणणारे पुष्कळ निघतात. 'डॉक्टरांनी तुम्हाला दमा आहे असे सांगितले आहे का?' याला हो म्हणणारे त्याहून फार थोडे असतात.

वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने समन्वय केलेल्या देशव्यापी पाहणीच्या दुसऱ्या टप्प्यात मुंबई आणि नागपूर धरून १२ ठिकाणच्या सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांची माहिती घेतली गेली. त्यात दम्याचे प्रमाण २.०५ टक्के निघाले. त्यानंतर २०१७-१८ मध्ये पुण्यासह नऊ केंद्रांवर झालेल्या आणि सव्वा लाखाहून अधिक लोकांना सामावणाऱ्या पाहणीत छातीत शिट्टी वाजण्याचे प्रमाण लहान मुले, किशोरवयीन मुले आणि प्रौढ या तिन्ही गटांत तीन ते पावणेचार टक्क्यांच्या दरम्यान आले. दोनावरून तीनवर गेलो, म्हणजे दमा दीडपट झाला असा निष्कर्ष यातून काढता येत नाही, कारण दोन्हीकडे विचारलेले आणि मोजलेले एक नव्हते.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षणाने १९९७ मध्ये दम्याचे प्रश्न बदलले, तेव्हापासून त्याआधीची आणि नंतरची रेषा थेट जोडता येत नाही.

मोजणी कुठे केली यानेही आकडा पार बदलतो. बंगळूरूतील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांच्या अभ्यासात रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण १९७९ साली ९ टक्के होते आणि १९९९ साली २९.५ टक्के झाले. हा अभ्यास फार गाजला आणि शहरीकरणाचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी आजही सांगितला जातो. बंगळूरूच्या रस्त्यांवर त्या वीस वर्षांत काय झाले हे पाहता मुलांचा त्रास वाढला असणार, यात मला शंका वाटत नाही. पण दवाखान्यात आलेल्या मुलांपैकी तीस टक्के आणि शहरातल्या सगळ्या मुलांपैकी तीस टक्के, हे दोन अगदी वेगळे दावे आहेत. दवाखान्यात कोण येते हे डॉक्टरांच्या ख्यातीवर, पालकांच्या ऐपतीवर आणि निदानाच्या सवयीवर अवलंबून असते.

मग मृत्यू इतके का?

पुण्यासह नऊ केंद्रांवर झालेल्या त्या पाहणीतच या प्रश्नाचे उत्तर सापडते. छातीत शिट्टी वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांना आणि दम्याची तीव्र लक्षणे असलेल्यांपैकी ७० टक्क्यांना डॉक्टरांनी दम्याचे निदान सांगितलेले नव्हते. शिट्टी वाजणाऱ्यांपैकी रोज सूज आवरणारे औषध घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी निघाले. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांच्या छपराची कौले कोणी चाळलेलीच नाहीत.

हे कसे घडते ते कोणत्याही तालुक्याच्या गावात पाहायला मिळते. पावसाळा सुरू होताना किंवा दिवाळीच्या सुमारास आई मुलाला घेऊन येते: रात्री दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ येते, श्वास भरतो, सकाळी पोरगे खेळायला पळते. चिठ्ठीवर 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' किंवा नुसते 'सर्दी-खोकला' असे लिहिले जाते, कारण दमा म्हटले की घरचे घाबरतात आणि मुलगी असेल तर लग्नाची चिंता आतापासूनच सुरू होते. पातळ औषध मिळते, एखादे प्रतिजैविक मिळते, फार त्रास असला तर मशीनची वाफ दिली जाते. चार दिवसांत बरे वाटते आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा होते. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. पण या मुलाच्या फायलीत दमा हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे सूज आवरण्याचा विचारही कुठे नाही.

प्रौढांचे थोडे वेगळे असते. त्यांना निदान माहीत असते, पण औषध दुकानातून सालब्युटॅमॉलचा पंप किंवा गोळी स्वतःच आणली जाते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि तोंडाने घ्यायच्या एका गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस फवाऱ्यांइतके. गोळी स्वस्त आणि ओळखीची असते, म्हणून हात थरथरले आणि छाती धडधडली तरी लोक तिलाच धरून राहतात. पंप वापरणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांना तो घेण्याची रीत कोणी दाखवलेली नसते. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबत असतानाच सावकाश आत ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. घाईत दाबलेला फवारा जिभेवर आणि घशात बसतो, नळ्यांपर्यंत थोडाच पोहोचतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी की दोनशे फवारे संपल्यावरही पंपातून फुसकन वायू येतच राहतो, आणि मोजणीचा आकडा नसलेला पंप रिकामा झाल्याचे कळतच नाही.

केवळ आराम देणाऱ्या औषधावर विसंबण्याचा धोका जगाने महागात शिकलेला आहे. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. फेनोटेरॉल हे तीव्र आराम देणारे औषध तिथे त्याच सुमारास आले होते. वेलिंग्टनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दोन्हींचा संबंध दाखवला, १९९० मध्ये त्या औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच काळात सूज आवरणारी औषधे अधिक वापरली जाऊ लागली होती, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यायचे यावर वाद राहिला. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून केलेली छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली. आराम देणाऱ्या पंपांची संख्या ज्यांच्या बाबतीत कळू शकली, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना मृत्यूआधीच्या वर्षात असे बाराहून अधिक पंप लिहून दिले गेले होते. एवढ्या पंपांची नोंद दवाखान्याच्या संगणकात होती, पण तो धोक्याचा इशारा म्हणून कोणी वाचली नाही. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीनांना केवळ सालब्युटॅमॉलसारख्या औषधावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

हे मृत्यू दम्याचेच कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० मध्ये २२.५ टक्के होते. गोव्यात हे प्रमाण जवळपास पूर्ण आहे, पण अनेक मोठ्या राज्यांत फारच थोडे. बाकीच्यांसाठी प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन नातेवाइकांना शेवटच्या दिवसांतील लक्षणे विचारतात आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. साठी-सत्तरीतला माणूस, वर्षानुवर्षांची धाप, रात्रीचा खोकला, शेवटी श्वास कोंडला. घरचे 'त्यांना दम होता' असे सांगतात. चुलीपुढे चाळीस वर्षे भाकरी भाजलेल्या आजींची ती धाप दमा होती की सीओपीडी, हे त्या वर्णनावरून सांगणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते.

म्हणून दोन लाखांतले काही मृत्यू प्रत्यक्षात सीओपीडीचे असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ४२ टक्के हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण उलट दिशेची चूकही होते: तरुण माणूस रस्त्यातच गेला तर 'हार्ट फेल' असे लिहून मोकळे होतात. शिवाय मृत्यूंचा आकडा निम्मा धरला तरी भारताचा वाटा वीस टक्क्यांच्या वर राहतो, म्हणजे रुग्णांतल्या आपल्या वाट्याहून दीडपटीहून जास्त. आणि औषधांची जी तफावत वर सांगितली ती मृत्यूच्या दाखल्यांवर अवलंबून नाही. ती जिवंत माणसांना विचारून काढलेली आहे.

हवा बिघडली म्हणूनच दमा वाढला ना?

प्रदूषित हवेने दम्याचा झटका येतो, दमा चिघळतो, याबद्दल वाद उरलेला नाही. लंडनमध्ये २०१३ साली दम्याने दगावलेल्या एला किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारणीभूत होते, असा निर्णय तिथल्या न्यायिक चौकशीने २०२० मध्ये दिला. वाहनांच्या धुरामुळे मुलांना नव्याने दमा होतो, याचेही पुरावे वाढत आहेत.

तरीही सगळा आलेख हवेवर घालता येत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर शास्त्रज्ञांनी पूर्वेकडच्या लाइपझिग आणि पश्चिमेकडच्या म्युनिक येथील मुलांची तुलना केली. लाइपझिगमध्ये हलक्या कोळशाच्या धुराने हवा काळवंडलेली होती, त्यामुळे तिथे दमा अधिक सापडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दमा आणि ॲलर्जी म्युनिकमध्ये अधिक निघाली. अमेरिकेत अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचे पूर्वज युरोपच्या एकाच भागातले, आहारही बराच सारखा. पण अमिश लोक घराला लागून गोठा ठेवतात आणि पारंपरिक पद्धतीने शेती करतात, तर हटराइट समाजाची शेती मोठी आणि यंत्रांवर चालणारी आहे. मुलांमध्ये दम्याचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५ आणि २१ टक्के निघाले. लहानपणी गुरांच्या आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांशी आलेला संपर्क रोगप्रतिकारशक्तीला वळण लावतो, असे यातून दिसते. याचा अर्थ मुलांना धुरळ्यात सोडावे असा मुळीच नाही, कारण गोठ्यातली धूळ आणि डिझेलचा धूर यांत काहीच साम्य नाही.

मला या चर्चेत वेगळीच भीती वाटते. दमा हवेमुळेच होतो असे एकदा ठरवले की हवा सुधारेपर्यंत काही करता येणार नाही, अशी सोयीस्कर समजूत तयार होते. दिल्लीची किंवा चंद्रपूरची हवा स्वच्छ व्हायला वर्षे लागतील. त्या हवेत राहणाऱ्या रुग्णाची सूज आवरणे या महिन्यातही शक्य आहे.

पंपाची सवय लागते, मग सुटत नाही?

सवय औषधाची लागत नाही. आजार दीर्घकाळ टिकणारा आहे म्हणून औषधही दीर्घकाळ लागते. स्टेरॉइडची भीती गोळ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, आणि गोळ्यांच्या बाबतीत ती खोटीही नाही. तीव्र झटक्यात प्रौढाला प्रेडनिसोलोनच्या ४० मिलिग्रॅमच्या आसपास गोळ्या दिवसाला दिल्या जातात. पंपातून ब्युडेसोनाइडचा रोजचा कमी डोस २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतो. दोन औषधांची शक्ती वेगळी असल्याने सरळ भागाकार करता येत नाही, पण पंपातले औषध थेट नळ्यांत पडते आणि रक्तात फार थोडे उतरते. वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचा मारा घेणारा रुग्ण पंपाला घाबरतो, तेव्हा तो अधिक स्टेरॉइड घेत असतो, कमी नव्हे.

याच भीतीच्या पोटात दैवी आणि गुप्त औषधांचा बाजार चालतो. कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध असो किंवा मृगाच्या सुमारास हैदराबादेत जिवंत माशासोबत गिळायला दिले जाणारे, दोन्हीकडे हजारोंची रांग लागते. दमा मुळातच येतो-जातो, त्यामुळे औषध घेतल्यावर चार महिने बरे गेले की गुण आल्याची खात्री पटते. त्या श्रद्धेपेक्षा त्या भरवशावर बंद केलेला पंप अधिक घातक आहे.

ज्यांनी ओझे उतरवले

फिनलंडने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबवला. त्यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. लवकर निदान करायचे, पहिल्या दिवसापासून सूज आवरणारे औषध द्यायचे, प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्याची जबाबदारी एका डॉक्टरवर आणि एका परिचारिकेवर सोपवायची, औषध दुकानदारांनाही प्रशिक्षण द्यायचे, इतकेच. या काळात दम्याचे निदान झालेल्यांची संख्या वाढली, पण रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले आणि प्रत्येक रुग्णामागचा वार्षिक खर्च तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटला. रुग्ण वाढले आणि ओझे उतरले, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्याचे हे उदाहरण.

फिनलंड श्रीमंत आणि अवघ्या पन्नास-पंचावन्न लाखांचा देश, असा आक्षेप लगेच येईल. मग ब्राझीलकडे पाहावे. बाहिया राज्यातील साल्व्हादोर या मोठ्या शहरात २००३ मध्ये तीव्र दम्याच्या रुग्णांना सूज आवरणारी औषधे मोफत देण्याचा आणि त्यांचा नियमित पाठपुरावा करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तीन वर्षांत शहरातील दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशाने घटले. तिथेही गर्दीची सरकारी रुग्णालये होती आणि गरीब वस्त्या होत्या.

भारतात आता काय बदलते आहे

बिगर-संसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत सीओपीडीबरोबर दम्याचाही समावेश झाला. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोहोचली आहे, त्याच वाटेने दमाही जाऊ शकतो. ब्युडेसोनाइड आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण यादीत असणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असणे यांतले अंतर ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पैशांची रचनाही उलटी आहे. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. घरी गेल्यानंतरची औषधे ती पंधरा दिवसांपर्यंत देते. आपली महात्मा फुले योजनाही मुख्यतः दाखल रुग्णांसाठीच आहे. दम्यात दाखल होणे टाळणारे औषध महिनोन्‌महिने घरी घ्यायचे असते, आणि त्याचा खर्च बहुतांश रुग्णाच्या खिशातून जातो. पहिल्यांदा बरे वाटले की काटकसरीत तेच आधी बंद होते.

ही स्थिती सुधारते आहे की नाही हे पाहायला पुढच्या जागतिक अंदाजाची वाट पाहावी लागणार नाही. जिल्ह्याच्या औषध भांडारातून वर्षभरात सूज आवरणारे पंप किती गेले, सालब्युटॅमॉलचे पंप, गोळ्या आणि बाटल्या किती गेल्या, आणि तातडीची वाफ देण्यासाठी किती रुग्ण आले, हे तीन आकडे आजही नोंदवह्यांत असतात. ते तालुक्यानुसार, दर तिमाहीला एकाच कागदावर मांडले तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कोणत्या केंद्रावर आधी प्रशिक्षण द्यायचे आणि कुठे पंप आधी पाठवायचे, हे लगेच ठरवता येईल.